झटका कोणता?

एकोणिसाव्या शतकातला एक इंग्रज डॉक्टर. समोर तरुण रुग्ण, सोबत त्याची आई, तक्रार छातीची. रुग्ण कपडे उतरवत असतानाच डॉक्टरला स्वतःच्या आत ओळखीची चाहूल लागते. तो स्टेथोस्कोप बाहेर काढतो आणि कोणाशी बोलावे लागू नये म्हणून जरासा बाजूला वळतो. यापुढचे त्याला आठवते ते एकदम टेबलाशी बसून दुसऱ्याच माणसाशी बोलत असल्याचे. मधला भाग कोरा. रुग्ण खोलीत नाही. तासाभराने तो रुग्ण त्याला अंथरुणावर दिसतो, आणि सोबत त्याच्याच हातची नोंद: डाव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया. म्हणजे मधल्या काळात त्याने छाती तपासली होती, निदान लिहिले होते आणि ताबडतोब पडून राहायला सांगितले होते. कुतूहलाने तो पुन्हा तपासतो. शुद्धीत केलेले निदानही तेच निघते.

ही हकीकत जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन या मेंदुविकारतज्ज्ञाने १८८८ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात छापली. डॉक्टरचे नाव झाकून त्याला ‘झेड’ म्हटले. या डॉक्टरने स्वतःच्या झटक्यांची टिपणे ठेवली होती: एखादी गोष्ट आठवू पाहत होतो आणि ती अचानक सापडली असे वाटणे, पण नंतर काय सापडले ते सांगता न येणे. जॅक्सनने या अवस्थेला स्वप्नवत अवस्था म्हटले. १८९४ साली डॉ. झेड वारले. शवविच्छेदनात मेंदूच्या डाव्या टेम्पोरल लोबच्या आतल्या कडेला एक छोटीशी पोकळी सापडली. शंका संपली, हा अपस्मार होता.

पुढे जवळजवळ नव्वद वर्षांनी अभ्यासकांनी ‘झेड’ची ओळख पटवली. तो आर्थर टॉमस मायर्स. आणि त्याचा थोरला भाऊ फ्रेडरिक मायर्स. हा भाऊ म्हणजे जाणिवेच्या उंबरठ्याखालचे मन कसे स्वतंत्रपणे काम करते यावर आयुष्यभर लिहिणारा माणूस. एका भावाने मनाच्या फटीचा सिद्धान्त मांडला, दुसऱ्याने मेंदूतल्या फटीने आयुष्य काढले, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसले असते. आज असा, भानावर नसताना बरोबर निदान लिहिणारा रुग्ण आला, तर आमच्यापैकी कितीजण त्याला पहिल्या भेटीत अपस्मार म्हणतील याबद्दल मी पैज लावणार नाही.

या पुस्तकाचा विषय हा आहे: अपस्माराचा झटका आणि डिसोसिएशनची, म्हणजे मनाच्या विलगतेची लक्षणे एकमेकांपासून वेगळी कशी ओळखायची. ते वाचण्यापूर्वी एक प्रश्न मात्र बाजूला ठेवावा लागेल, कारण तो घराघरांत आणि खेदाने सांगायचे तर दवाखान्यांतही आधी विचारला जातो: “खरी फिट आहे की नाटक?” विलगतेचा झटका आलेल्या मुलीची शुद्ध खरोखरच तिच्या ताब्यात नसते. ती पडते तेव्हा तिला लागते. मुद्दाम सोंग घेणारी माणसेही असतात, पण फार थोडी, आणि त्यांचा प्रश्न वेगळा. आपल्यासमोर दोन खऱ्या गोष्टी आहेत. त्यांतली कोणती, एवढेच ठरवायचे आहे, आणि ते पुरेसे अवघड आहे.

या दोघांची सरमिसळ आजची नाही. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात १८७० च्या सुमारास एक मोडकळीला आलेली इमारत रिकामी करावी लागली, आणि अपस्माराच्या व हिस्टेरियाच्या (विलगतेच्या झटक्यांना तेव्हा हेच नाव होते) स्त्रिया एकाच विभागात आल्या. तो विभाग जाँ-मार्तां शार्को यांच्याकडे आला. वेडाच्या रुग्णांपासून या दोघींना वेगळे काढले ते दोघींनाही झटके येतात म्हणून. एकमेकींपासून मात्र त्या वेगळ्या झाल्या नाहीत. शार्कोने ‘हिस्टेरो-एपिलेप्सी’ असे जोडनाव वापरले, झटक्याच्या ठरावीक पायऱ्या मांडल्या आणि भरल्या व्याख्यानगृहात त्या दाखवल्या. रात्रंदिवस शेजारच्या खाटेवर अपस्माराचे झटके पाहणाऱ्या स्त्रियांचे झटके त्याच वळणाचे होत गेले, असे त्यानंतरच्या अनेकांनी म्हटले आहे. मला ते पटते. माणसाचे शरीर दुःख बोलते तेव्हा ते आजूबाजूला उपलब्ध असलेल्या खुणांतच बोलते. पॅरिसमध्ये ती खूण अपस्माराची होती. आपल्याकडे कधी दातखिळीची असते, कधी अंगात येण्याची.

शार्कोच्या व्याख्यानांना १८८५-८६ च्या हिवाळ्यात व्हिएन्नाचा एक तरुण मेंदुविकारतज्ज्ञ बसलेला होता. चाळीसेक वर्षांनी, १९२८ साली, याच सिग्मंड फ्रॉइडने डोस्टोएव्स्कीवर निबंध लिहिला आणि कादंबरीकाराचा अपस्मार बहुधा हिस्टेरियाचा होता, त्याचे मूळ वडिलांच्या मृत्यूच्या इच्छेत आणि अपराधभावात होते, असे प्रतिपादन केले. डोस्टोएव्स्कीला जाऊन तेव्हा सत्तेचाळीस वर्षे झाली होती. रुग्ण समोर नव्हता, फक्त त्याच्या कादंबऱ्या होत्या. वाङ्मय म्हणून निबंध देखणा आहे. निदान म्हणून तो फसला. कारण याच माणसाच्या पत्नीने, अॅनाने, आपल्या आठवणींत लग्नानंतर लवकरच पाहिलेला झटका लिहून ठेवला होता: बोलता बोलता माणसाच्या गळ्यातून येऊ नये असा ओरडा, मग कोसळणे, आचके. झटक्याच्या आरंभीची ही किंकाळी अपस्माराच्या बाजूची फार मोठी साक्ष आहे. छातीचे आणि स्वरयंत्राचे स्नायू एकदम आवळले गेल्याने हवा बाहेर फेकली जाते. १८७८ साली त्यांचा धाकटा मुलगा अल्योशा, तीन वर्षांचाही पुरता नव्हता, तासन्‌तास चाललेल्या आकडीने गेला. फ्रॉइडचा सिद्धान्त आणि अॅनाचे चार शब्द यांत मेंदुविकारतज्ज्ञ अॅनाच्या बाजूने उभे राहतात. मीही.

म्हणजे चूक दोन्हीकडे होते, आणि दोन्हीकडची महाग पडते. अपस्माराला मनाचे ठरवले तर माणूस गोळ्यांवाचून राहतो. विहिरीवर, चुलीजवळ, मोटारसायकलवर त्याला झटका येतो. लांबलेला झटका जिवावरही बेततो. उलट विलगतेला अपस्मार ठरवले तर वर्षानुवर्षे न लागणाऱ्या गोळ्या पोटात जातात. त्यांत व्हॅल्प्रोएट असेल आणि रुग्ण तरुण स्त्री असेल, तर गर्भावर परिणाम होतो: ते औषध गरोदरपणी चालू राहिलेल्या सुमारे दहातील एका बाळात जन्मजात दोष आढळतो. थांबतच नाहीत म्हणून काही झटके अतिदक्षता विभागात जातात, तिथे भरपूर गुंगी दिली जाते आणि श्वासाची नळीही घातली जाते. जर्मनीत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत विलगतेच्या झटक्यांचे खरे निदान व्हायला सरासरी सात वर्षांहून अधिक काळ गेल्याचे दिसले. औषधांना दाद न देणारा अपस्मार म्हणून मोठ्या केंद्रांत पाठवलेल्यांपैकी २० ते ३० टक्के लोकांना अपस्मार नसतोच, हा आकडा जगभरच्या केंद्रांतून पुन्हा पुन्हा येतो.

अपस्मारात मेंदूतल्या चेतापेशींचा एखादा समूह एकाच वेळी, एका तालात पेट घेतो. ही उसळी कुठे सुरू होते आणि कुठवर पसरते त्यावर झटक्याचे रूप ठरते. टेम्पोरल लोबमध्ये असेल तर पोटातून वर चढणारी भावना, न जळणाऱ्या वस्तूचा जळका वास, पूर्वी हेच घडले होते अशी खात्री, ओठांचा मचमच चाळा, आणि मग हरवलेली काही मिनिटे. विलगतेत ही विजेची उसळी नसते. तिथे जाणीव, आठवण, शरीराची हालचाल यांना एकत्र बांधणारा धागा सुटतो. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी १८८९ साली ज्या प्रकाराचे सविस्तर वर्णन केले तो हाच. स्वतःकडे लांबून पाहत असल्यासारखे वाटणे, जग काचेपलीकडे गेल्यासारखे होणे, वेळ हरवणे. आता ही यादी आणि वरची यादी शेजारी ठेवून पाहा. शब्दांत फरक फार थोडा आहे. आपल्यापासून तुटल्याची भावना टेम्पोरल लोबच्या झटक्यातही येते आणि भीतीच्या झटक्यातही. म्हणूनच फक्त लक्षणाचे नाव विचारून भागत नाही. किती वेळ टिकले, दरवेळी हुबेहूब तसेच झाले का, कशाने सुरू झाले, कशाने संपले, हे विचारावे लागते. अपस्माराचा झटका कंटाळा येईल इतका एकसारखा असतो: तोच वास, तोच चाळा, तीच मिनिट-दीड मिनिटाची लांबी. विलगतेची अवस्था तासभर टिकू शकते, रेंगाळते, प्रसंगाप्रमाणे रंग बदलते.

अंग झडझडणाऱ्या झटक्यांत काही खुणा कामाच्या आहेत. सर्वांत चर्चेची खूण डोळ्यांची. २००६ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात विलगतेचे झटके असलेल्या ५२ पैकी ५० जणांचे डोळे झटक्यात मिटलेले होते, तर अपस्माराच्या १५६ पैकी १५२ जणांचे उघडे. असे आकडे वैद्यकात क्वचित मिळतात. पण थांबा. हे डोळे व्हिडिओवर तज्ज्ञांनी पाहिलेले होते. नातेवाइकांना “डोळे उघडे होते की मिटलेले?” विचारले तेव्हा उत्तरे पुढच्या अभ्यासांत फारशी भरवशाची निघाली नाहीत. साहजिक आहे. पोरगी जमिनीवर तडफडत असताना आई पापण्या बघत नाही, देवाचा धावा करते.

अपस्माराचा मोठा झटका सहसा दोन मिनिटांच्या आत ओसरतो. वीस मिनिटे कमी-जास्त होत, थांबत, पुन्हा उसळत चाललेला झटका विलगतेकडे बोट दाखवतो. डोके डावीकडून उजवीकडे ‘नाही, नाही’ असे हलणे, हात-पाय वेगवेगळ्या तालात मारणे, झटक्यात रडणे याही त्याच बाजूच्या खुणा. जिभेच्या कडेला खोल चावा, झटक्यानंतर घोरल्यासारखा जड श्वास, मग गोंधळ आणि गाढ झोप या अपस्माराच्या. कपड्यांत लघवी होणे मात्र दोन्हींत घडते. त्यावरून निदान करणारे अजून भेटतात, आणि तेवढ्यावर एखाद्याचे आयुष्य ठरते याची मला चीड येते. रक्तातले प्रोलॅक्टिन हे संप्रेरक झटक्यानंतर दहा ते वीस मिनिटांत तपासले तर काही प्रमाणात उपयोगी, पण आपल्याकडे रुग्ण रुग्णालयात पोहोचेपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते.

फ्रंटल लोबचे झटके या सगळ्या खुणांना फसवतात. रात्री झोपेतून उठून सायकल चालवल्यासारखे पाय मारणे, ओरडणे, कमरेचे झोके, आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा भानावर. दिसायला अगदी ‘मानसिक’. बोलोन्याचे लुगारेझी आणि त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली झोपेतल्या अशा झटक्यांचे वर्णन केले तेव्हाही हा अपस्मार की झोपेचा विकार यावर बरीच वर्षे वाद चालला. पुढे काही कुटुंबांत त्यामागचे जनुकच सापडले. झटका विचित्र दिसतो म्हणून तो मनाचा, हा निष्कर्ष काढणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण वाचावे.

आणखी एक तिसरा दावेदार आहे, त्याला लोक विसरतात: साधी घेरी. १९९४ साली बर्लिनच्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम घेरी आणली आणि चित्रित केली. पूर्ण बेशुद्ध झालेल्या ४२ पैकी ३८ जणांचे हातपाय झडझडले. रांगेत उभे असताना, सुई टोचताना, देवळाच्या गाभाऱ्यातल्या गर्दीत कोसळलेला माणूस दोनचार आचके देतो आणि ‘फिट आली’ म्हणून कायमचा शिक्का घेऊन घरी येतो. त्यांतल्या काहींच्या हृदयाची लय बिघडलेली असते, म्हणून ईसीजी टाळू नये. मराठी घरांत ईईजी आधी होतो आणि ईसीजी राहून जातो, हा माझा नेहमीचा अनुभव.

ईईजीबद्दल गैरसमज मोठा आहे. येना इथल्या हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतले विद्युतप्रवाह पहिल्यांदा टिपले, १९२९ मध्ये प्रसिद्ध केले, आणि आता निवाडा यंत्र करील असे सगळ्यांना वाटले. पण अर्ध्या तासाचा साधा ईईजी दोन झटक्यांच्या मधल्या शांततेचा असतो. अपस्मार असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचा पहिला ईईजी निर्दोष येतो. उलट, ब्रिटिश हवाई दलाने हजारो निरोगी उमेदवारांचे आलेख काढले तेव्हा दर दोनशेंमागे एकाच्या आलेखात अपस्मारासारखे ठसे दिसले. म्हणजे ‘ईईजी नॉर्मल, मग मनाचे आहे’ हेही चूक आणि ‘ईईजी खराब, मग अपस्मारच’ हेही. खात्री हवी असेल तर झटका येत असतानाचा आलेख आणि त्याच वेळचे चित्र एकत्र लागते. त्याला व्हिडिओ ईईजी म्हणतात. तो मोठ्या शहरांतच होतो, खर्चिक असतो, आणि भरती असताना झटका येईलच असे नाही. साधा ईईजी आणि व्हिडिओ ईईजी यांच्या मधला मार्ग प्रत्येकाच्या खिशात आहे. झटका आला की रुग्णाला कुशीवर करा, आजूबाजूचे टणक सामान सरकवा, आणि दुसऱ्या कोणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा: चेहरा दिसेल असे, सुरुवातीपासून, भानावर येईपर्यंत. एवढ्यावर तज्ज्ञाला पुष्कळ कळते. झटका पाच मिनिटांच्या पुढे गेला किंवा मध्ये भान न येता दुसरा सुरू झाला, तर चित्रण सोडून रुग्णालय गाठा.

ऐकण्याचे महत्त्व मी जास्त सांगतो याचे कारण आहे. जर्मनीत आणि शेफील्डला मार्कुस रॉयबर यांच्या गटाने रुग्णांच्या बोलण्याचाच अभ्यास केला. मोकळा प्रश्न विचारून गप्प बसल्यावर अपस्माराचे रुग्ण झटक्यात नेमके काय जाणवते ते धडपडत, शब्द बदलत, स्वतःहून सांगत राहतात. विलगतेचे रुग्ण झटक्याच्या अवतीभवतीचे सांगतात: कुठे होते, कोण होते, नंतर काय झाले, आतल्या अनुभवाजवळ आले की ‘काही कळत नाही’ म्हणून थांबतात. हे काम जर्मन आणि इंग्रजी बोलणाऱ्यांवर झालेले आहे, मराठी रुग्णावर ते जसेच्या तसे लावता येणार नाही. सासूसमोर बसलेली सून आतले काय सांगणार? तिला दहा मिनिटे एकटीला भेटणे हीसुद्धा तपासणीच आहे.

आपल्या मुलखात या विषयाला बाकीचेही अस्तर आहे. झटका आला की कांदा फोडून हुंगवतात, चप्पल नाकाशी धरतात, हातात किल्ल्यांचा जुडगा देतात, दातखिळी बसली तर चमचा घालतात. चमच्याने दात तुटतात. बाकीच्यांनी काही बिघडत नाही आणि काही साधतही नाही, कारण झटका बहुतेक वेळा आपल्या वेळेने थांबतोच. मग श्रेय कांद्याला. देवरुषी आणि मार यांवर महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण देवीच्या जत्रेत, सगळ्यांच्या संमतीने, ठरलेल्या वेळी अंगात येते आणि उतरते, तिथे रोग शोधण्याचे कारण नाही. रोग तिथे सुरू होतो जिथे ते नकोसे, अवेळी येते आणि माणसाचे जगणे मोडते. दुसरीकडे ‘अपस्मार’ हा शिक्का लग्नाच्या बाजारात भोवतो. १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख निघाला, तरी स्थळे पाहणाऱ्यांच्या मनातून निघालेला नाही. त्यामुळे कित्येक घरांना ‘मनाचे आहे’ हे ऐकणे हलके वाटते, आणि कित्येकांना अपमानाचे. डॉक्टरने निदान काढण्याइतकीच तयारी ते सांगण्याची करावी लागते. “तुम्हाला काही झालेले नाही” हे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना बंद केले आहे.

शेवटचा गुंता: दोन्ही एकाच माणसात असू शकतात. विलगतेचे झटके असलेल्यांत सुमारे पाचातील एकाला अपस्मारही असतो. म्हणून विलगतेचे निदान झाले की दुसऱ्या दिवशी गोळ्या बंद, असे करता येत नाही. एकदम बंद केलेली गोळी स्वतःच झटका आणू शकते. आणि विलगतेवर उपाय काय, तर मुख्यतः बोलण्याचे उपचार. त्यांच्याबद्दलही फुगवून सांगू नये. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ३६८ जणांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोड्स’ या चाचणीत विशेष मानसोपचार घेतलेल्यांच्या झटक्यांची संख्या वर्षअखेरीस नेहमीच्या देखभालीपेक्षा लक्षणीय कमी झाली नाही. मात्र झटक्यांचा जाच, जगण्याची प्रत, सलग झटक्यावाचून गेलेले दिवस यांत फरक पडला. रुग्णाला विचारले तर हा फरक छोटा नाही.

पुस्तकाची मांडणी यातूनच ठरली आहे. आधी झटक्यांच्या हकीकती आणि त्यांचे मिनिटामिनिटाचे वाचन, मग तपासण्या, मग निदान सांगण्याचे संवाद, मग उपचार. ज्यांच्या घरी सध्या झटके येत आहेत त्यांनी पहिल्यांदा चित्रण आणि नोंदवहीवरचे प्रकरण वाचावे आणि पुढच्या भेटीला ती वही घेऊन जावे. लहान मुलांचे झटके, त्यांत श्वास रोखून निळे पडणारी बाळे आणि वर्गात दहा सेकंद हरवणारी, ‘लक्ष नाही’ म्हणून मार खाणारी मुले, हा विषय इथे फक्त एका प्रकरणात आला आहे. तो स्वतंत्र पुस्तकाएवढा आहे.